मदत हवी आहे: पोर्टेबल हार्ड डिस्कच्या सी-टाइप पोर्टसाठी ९०० रुपये जास्त द्यावेत का?

फोटोवाल्याची लेक

नमस्कार मंडळी. दोन-तीन दिवसांत डिस्क घ्यायचीच आहे, पण नीट समजून मगच पैसे घालायचेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांचा कोल्हापुरात शाहूपुरीत फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरच्या निगेटिव्हच्या पेट्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर जे हाताला लागलं ते साध्या पाण्यातून काढून, दोरीला चिमटे लावून घरभर वाळत घातलं. तेव्हापासून मी एकेक पट्टी स्कॅन करतेय. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, तालमीतले पैलवान, जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठ्या. कुणाच्या तरी आजोबांचा एकुलता एक फोटो यात असतो, आणि लोक आजही घर शोधत येतात. आतापर्यंत १.४ टीबी झालंय आणि हे सगळं एकाच २ टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे.

त्या डिस्कला रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं पोर्ट आहे, मायक्रो-बी म्हणतात ते. दोन महिने झाले, केबल ढिली बसते. लॅपटॉपला जरा धक्का लागला की 'टिंग' वाजतं, ड्राइव्ह गायब होते, पुन्हा 'टिंग', परत येते. पिन बोटानं डावीकडे दाबून धरली की चालते, म्हणून मी एका हातानं पिन धरून दुसऱ्या हातानं माउस चालवते. नवी केबल आणून पाहिली, तेच.

परवा राजारामपुरीत दुकानातल्या मुलानं एक युक्ती सांगितली. त्या रुंद पोर्टच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची बारकी पिन बसते म्हणाला. घरी येऊन लावली, खरंच बसली! एकदाही 'टिंग' नाही. पण वेग सेकंदाला जेमतेम ३५ एमबी. आधी १००च्या वर असायचा.

त्याच दुकानात दोन डिस्क दाखवल्या. कंपनी एकच, दोन्ही २ टीबी, आतली चकती तशीच फिरणारी. एकीला हेच रुंद पोर्ट, दुसरीला सी-टाइप, आणि सी-टाइपवालीला ९०० रुपये जास्त. तो म्हणतो, 'ताई, ही नवीन टेक्नॉलॉजी, चौपट फास्ट, शिवाय पोर्ट ढिलं व्हायचा प्रश्नच नाही.' थंडरबोल्टवाली मागवून देतो असंही म्हणाला, तिची किंमत ऐकून मी विषय बदलला.

माझा लॅपटॉप तसा जुना आहे. दोन निळी यूएसबी पोर्ट आणि एक सी-टाइप. ९०० रुपये माझ्यासाठी कमी नाहीत, पण ज्यापायी दोन महिने जीव टांगणीला लागला तेच पोर्ट परत विकत घ्यायचं म्हटलं की हात आखडतो. खरंच वेग वाढतो का? सी-टाइप जास्त टिकतं का? आणि थंडरबोल्ट नक्की कुणासाठी असतं?

सोल्डरगन

ताई, नव्या डिस्कचं मागाहून. आधी ते बोटानं दाबून धरणं आजपासून बंद करा. फाइल लिहिली जात असताना जोडणी तुटली तर ती एक फाइल जाईलच, पण फाइलींची यादी बिघडली तर अख्खी डिस्क 'फॉरमॅट करा' म्हणायला लागते.

मी बोर्ड दुरुस्तीचंच काम करतो. तुमच्या वर्णनावरून दुखणं कुठं आहे ते सांगतो. त्या रुंद पोर्टात दोन भाग असतात. मोठ्या भागात वीज आणि यूएसबी २.० च्या जुन्या तारा, खाचेच्या पलीकडच्या छोट्या भागात यूएसबी ३.० च्या वेगवान तारा. मोबाइलची पिन फक्त मोठ्या भागात बसते आणि तिच्यावर डिस्क स्थिर चालतेय, म्हणजे मोठा भाग शाबूत आहे. छोट्या भागाचा एखादा सोल्डरचा टाका सुटलाय, असा माझा अंदाज. चकतीला वीज नीट मिळतेय, ही चांगली गोष्ट.

म्हणून त्या हळू केबलवरच सगळं उतरवून घ्या. १.४ टीबी ३५ च्या वेगानं म्हणजे अकरा तासांच्या आसपास. रात्री लावा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा, स्लीप बंद करा. मध्ये टक-टक असा ठोक्याचा आवाज आला तर लगेच थांबवा आणि इथं लिहा.

पोर्टला पुन्हा टाका मारता येतो, पण कॉपी झाल्यावरच. आणि डबी उघडून आतली डिस्क कॉम्प्युटरला थेट लावू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आत दुसरं सॉकेट सापडतच नाही.

गुऱ्हाळकट्टा

वेगाचं मी सांगतो. चौपट फास्ट हे साफ चूक.

सी-टाइप हा पिनेचा आकार आहे, २०१४ साली आला. वेग ही वेगळी बाब. पोर्टेबल डिस्कमधली अडीच इंची चकती मिनिटाला साधारण ५४०० फेरे मारते आणि सेकंदाला १२०-१३० एमबी देते, तेही बाहेरच्या कडेला. डिस्क भरत आतल्या बाजूला गेली की जवळजवळ निम्म्यावर येते. आणि ते जुनं रुंद पोर्ट? २००८ च्या यूएसबी ३.० चं, सेकंदाला ५ गिगाबिटचं. त्यातून सगळी वजावट जाऊनही सेकंदाला ४०० एमबी आरामात जातात. चरकातून रस निघतो तेवढाच निघणार, खाली घागर ठेवा नाहीतर काहील ठेवा.

खोक्यावरच्या अक्षरांनाही भुलू नका. 'यूएसबी ३.२ जेन १' वाचून दुकानदार नवीन म्हणतात. ते त्याच २००८ च्या ५ गिगाबिटचं बदललेलं नाव आहे. आधी त्याला ३.० म्हणायचे, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १. दोन्ही खोकी शेजारी धरून बघा, बहुतेक दोन्हींवर हेच छापलेलं असेल.

थंडरबोल्ट ३ म्हणजे सेकंदाला ४० गिगाबिट नेणारी जोडणी. एनव्हीएमई एसएसडीवरून, म्हणजे चकतीऐवजी चिप असलेल्या अतिवेगवान डिस्कवरून, थेट मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना त्याचा उपयोग. फिरत्या एका चकतीला ते लावून एक एमबीही वाढत नाही. एसएसडी घेणार असतात तर मी स्वतः १० गिगाबिटचं पोर्ट बघून घ्या म्हटलं असतं, कारण तिथं सेकंदाला हजार एमबीपर्यंत जाता येतं. तुमच्या कामाला ते नको.

हळदीचा व्हिडिओवाला

वेगाबद्दल मान्य, पण मी ९०० रुपये देईन.

लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. एकदा गडहिंग्लजला हॉलवर रात्री अकरा वाजता मायक्रो-बीची केबल तुटली. वऱ्हाडात दीडशे माणसं, एकाकडेही ती केबल नाही. सी-टाइप असती तर जानवसघराच्या पहिल्याच खोलीत मिळाली असती. शिवाय सी-टाइप उलटी-सुलटी कशीही बसते. अंधारात चाचपडत ते रुंद पोर्ट उलटं दाबलं गेलं की आतली पट्टी वाकते, मी स्वतः वाकवलीय.

एक मात्र ध्यानात ठेवा. मोबाइलबरोबर येणारी सी-टाइप केबल बहुतेक वेळा मुख्यतः चार्जिंगसाठी बनवलेली, यूएसबी २.० चीच असते. ती लावलीत तर परत तेच ३५. खोक्यातली केबल जपा, तिच्यावर डिस्कचं नाव लिहून ठेवा.

फोटोवाल्याची लेक

सोल्डरगनदादा, खूप धीर आला. बाबांना वाचून दाखवलं, 'चकती शाबूत आहे ना, मग झालं' म्हणाले.

एक विचारते. सी-टाइप कागदावर तरी जास्त टिकाऊ आहे का? माझी डिस्क मी दिवसातून एकदाच लावते-काढते, मग एवढ्यात ढिली कशी झाली?

सोल्डरगन

कागदावर दोन्ही सारखीच. मायक्रो-बी आणि सी-टाइप, दोघांनाही १०,००० वेळा लावण्या-काढण्याचं मानांकन आहे. रोज एकदा धरलं तरी सत्तावीस वर्षं. म्हणजे लावण्या-काढण्यानं तुमचं पोर्ट गेलेलं नाही.

ते जातं आडव्या ताणानं. तुम्ही डिस्क कुठं ठेवता? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांची लॅपटॉपच्या कडेवरून लोंबकळत असते, किंवा उशीवर. ती रुंद पिन पातळ असते, केबल वळली की पट्टीसारखी तरफ होते आणि बोर्डावरचे टाके उचलते. सी-टाइपचं कवच गोलसर आणि अखंड, ती थोडं जास्त सोसते, हा माझ्या टेबलावरचा अनुभव. पण लोंबकळत ठेवलीत तर तीही सुटते. गेल्याच आठवड्यात दोन बसवली.

फोटोवाल्याची लेक

स्कॅनरच्या झाकणावर ठेवते. झाकण उघडताना दर वेळी उचलून धरते, केबलसकट. आत्ता लक्षात आलं. दिवसातून चाळीसेक वेळा तरी.

राजाराम बंधारा

सगळे पिनेवर बोलतायत, मला वेगळीच काळजी लागली. ताई, तुमच्याकडे या फोटोंची एकच प्रत आहे?

मी दुधाळीत राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ झालं की धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. २०१९ ला आम्ही सामान माळ्यावर चढवलं आणि मग माळाही रिकामा करायची वेळ आली. कागदपत्रांची पिशवी घेतली, लॅपटॉप घेतला, हार्ड डिस्क टीव्हीच्या मागं राहिली. माझ्या मुलीच्या पहिल्या चार वर्षांचे फोटो त्यात होते. एकही परत मिळाला नाही.

तुमचे निगेटिव्ह एकदा पाण्यातून आलेत, ते आणखी किती वर्षं धरतील सांगता येत नाही. ९०० रुपये पिनेला घालण्याआधी दुसरी डिस्क घ्या, अगदी साधी घ्या, आणि ती शाहूपुरीत ठेवू नका.

हळदीचा व्हिडिओवाला

बंधारादादांना शंभर टक्के अनुमोदन. मी पिनेच्या नादात हे विचारायचंच विसरलो. दोन साध्या घेणं एका भारीपेक्षा कधीही बरं.

फोटोवाल्याची लेक

बंधारादादा, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. मुलीच्या फोटोंचं फार वाईट वाटलं. एकच प्रत आहे हे मला माहीत होतं, पण ढिल्या पिनेच्या रोजच्या झगड्यात त्याचा विचार मागं पडला होता.

बाबांशी बोलून असं ठरवलंय. दोन डिस्क घेते. जी रोज स्कॅनरजवळ लावायची-काढायची ती सी-टाइप, कारण धक्के तिलाच बसणार आणि केबल घरात कुणाचीही चालेल, निदान वेळ मारून न्यायला. दुसरी साधी, रुंद पोर्टची. ती कळंब्याला मावशीकडे कपाटात राहील, वर्षातून तीन-चार वेळा आणून भरायची. तिच्या पिनेला काय होणार आहे? म्हणजे ९०० एकदाच जातील. दुसऱ्या डिस्कचे पैसे बाबांनी दिले, स्वतःहून.

फोटोवाल्याची लेक

पाच दिवसांनी कळवतेय.

जुनी डिस्क मोबाइलच्या केबलवर लावून रात्री साडेनऊला कॉपी सुरू केली. मधे दोनदा उठून कान लावला, आवाज नाही. सकाळी सव्वानऊला संपली. ४१,८६२ फाइल, दोन्हीकडे आकडा जुळला. तीन फाइल उघडत नाहीत, त्या पिन दाबून काम करत होते त्याच आठवड्यातल्या आहेत. त्यांच्या निगेटिव्ह शोधून ठेवल्यात, परत स्कॅन करते.

गुऱ्हाळकट्टादादा, तुमचं पडताळूनही पाहिलं. लॅपटॉपमधलं २० जीबीचं एक फोल्डर दोन्ही नव्या डिस्कवर टाकलं. सी-टाइपवालीला २ मिनिटं ५२ सेकंद लागले, साधीला २ मिनिटं ५४. खोक्यांवर दोन्हीकडे '३.२ जेन १' आहे. दुकानातल्या मुलालाही हे आकडे दाखवले. त्यानं कागदावर उतरवून घेतले, पुढच्या गिऱ्हाइकाला नीट सांगतो म्हणाला.

स्कॅनरशेजारी बाबांनी लाकडी फळी ठोकून दिलीय, डिस्क आता त्यावर आडवी असते आणि झाकण उघडताना तिला हात लागत नाही. जुनी डिस्क टाका मारायला नेतेय. मावशीची डिस्क रविवारी कळंब्याला जाईल.