मदत हवी आहे: आईवडील दोघेही बुटके असतील तर मुलाची अपेक्षित उंची कशी धरायची?

नेहमीचं सूत्र असं: आईवडिलांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ सेंमी मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, मग निम्मे. वडील १५८, आई १४६, तर मुलगा १५८.५, त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ ते १० सेंमी सूट.

अडचण पुढे आहे. आईवडील लहानपणी कुपोषणाने खुंटले असतील, तर त्यांची उंची म्हणजे त्यांची जनुकं नव्हेत. आकडा उगाच खाली येतो. उलट, शॉक्स (SHOX) या हाडांच्या वाढीच्या जनुकातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून आला असेल, तर ‘घराणंच बुटकं’ म्हणून निदान हुकतं. मला हे दुसरं जास्त घातक वाटतं. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात उंचीशी जोडलेले १२,१११ जनुकीय बदल सापडले, पण त्यावरचं भाकीत युरोपीय वंशाबाहेर बरंच कमी चालतं. म्हणजे टेपच खरी.

बसून मोजलेली उंची, हातांचा पसारा, कोपरापुढचा आखूड हात आणि वर्षाला किती सेंमी वाढ, यांपैकी आधी काय पाहता? आईवडिलांचीही बैठी उंची घेता का? आणि शॉक्सची तपासणी नेमकी कधी सांगता?