पेवाची कल्पना चारचौघांत सांगावी का?

हरिपूरची_लेक
पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीखालचे खड्डे. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता कशी राहते, ते मोजायचंय. माझा अंदाज, तोंड बुजवल्यावर आतला ऑक्सिजन घटतो आणि किडे तग धरत नाहीत. २००५च्या महापुरानंतर बरीच पेवं बाद झाली, आजोबांची दोन त्यातच गेली. दमट जागेत ऑक्सिजन सेन्सर किती टिकतो, हे एका ऑनलाइन ग्रुपवर विचारायचंय. पण मग सगळी कल्पनाच सांगावी लागते. गाईड म्हणतात, "पेपर येईपर्यंत तोंड उघडू नकोस." पेवासारखंच! त्यांच्या मित्राचा विषय कुणीतरी चर्चासत्रातून उचलला होता म्हणे. काय करू?

कंदीपेढा_सातारा
मीही याच धास्तीनं दीड वर्ष गप्प बसलो. शेवटी तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, "कॅलिब्रेशन कसं केलं?" म्हणजे उपकरण बरोबर मोजतंय हे कसं तपासलं. घाम फुटला. आणि हवाबंद साठवणीत कीड मरते, हे शास्त्राला जुनंच आहे ताई. तुमचं खास म्हणजे हरिपूरची पेवं आणि तिथले आकडे. परक्या माणसाला पेवाचा मालक तोंड उघडून देईल का?

वारणाकाठ
गणितात टिमोथी गॉवर्स यांनी २००९मध्ये न सुटलेला प्रश्न सरळ ब्लॉगवर मांडला. अनेकांनी मिळून सोडवला, पेपर 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामायिक नावानं आला.

कंदीपेढा_सातारा
गॉवर्सच्या गळ्यात १९९८लाच फील्ड्स पदक, गणितातला मोठा मान, पडलं होतं हो! पीएचडीवाल्याला स्वतःचं नाव लागतं.

टिळा_लावून
एक पथ्य पाळा. यातून उपकरण काढून पेटंट घ्यायचं असेल, तर आधी अर्ज, मग गप्पा. आपल्या कायद्यात स्वतःच जाहीर केलेलंही नावीन्य घालवतं, सूट फार थोड्या प्रसंगांना. कॉपीराइट मजकुराला असतो, कल्पनेला नाही. पेटंट नकोच असेल, तर गाईडना सांगून आराखडा झेनोडोवर, म्हणजे संशोधन जपून ठेवणाऱ्या खुल्या संकेतस्थळावर टाका. तारखेचा पुरावा आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक), दोन्ही मिळतं.

हरिपूरची_लेक
पेटंट कसलं, फेलोशिप वेळेवर आली तरी पुष्कळ! गाईडना विचारून काल ग्रुपवर टाकलं, पेवाचं नाव न घेता, 'बंद, दमट तळघर' म्हणून. पहिलंच उत्तर: "आत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर दोरीनं खाली सोडा, आकडा बघूनच पाय टाका." सेन्सरचं राहिलंच, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आजोबा कंदील सोडायचे.