डुकरं खोकायला लागली की नमुना पाठवायचा की गप्प बसायचं?

गिरणाकाठ (मूळ धागा)
भडगावकडे माझं छोटं वराहपालन आहे, 14 माद्या. गेल्या थंडीत एका कप्प्यातली पिल्लं रातोरात खोकायला लागली. अंग तापलं, खाद्याला तोंड लावेनात, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. सहाव्या दिवशी सगळी पुन्हा खाद्यावर तुटून पडली. मेलं एकही नाही. घरचे म्हणाले, सुटलो. मला मात्र झोप येईना. नेमका कोणता विषाणू येऊन गेला, ते आता कधीच कळणार नाही.

डुकराच्या श्वासनलिकेत माणसाचाही फ्लू शिरतो आणि पक्ष्यांचाही. दोन्ही एकाच जनावरात भेटले तर जनुकांची अदलाबदल होऊन तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. 2009चा एच1एन1, म्हणजे स्वाइन फ्लूचा विषाणू, उत्तर अमेरिका आणि युरेशियातल्या डुकरांच्या फ्लूचे तुकडे जुळून झाला. एप्रिलमध्ये तो माणसांत सापडला, त्याआधी डुकरांत कोणी पाहिलाच नव्हता. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: खोकल्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच नमुना तपासणीला प्रयोगशाळेत गेला पाहिजे.

नवापूरचा पोल्ट्रीवाला
भाऊ, मी विरोधात आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला कोंबड्यांचा पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. लाखो पक्षी मारले. माझ्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता, तरी माणसं पांढरे पोशाख घालून आली आणि संध्याकाळपर्यंत शेड रिकामं. भरपाई कोंबडीची मिळाली. पुढचे रिकामे महिने, बँकेचा हप्ता, खाद्यवाल्याची उधारी कोणी मोजली? 2021 मध्ये पुन्हा तेच. आता मी डुकरं पाळतो. रिपोर्ट यायच्या आधी बातमी गावात फिरते, आणि व्यापारी फोन उचलत नाही.

निवृत्त पशुवैद्य, धुळे
तुमचं दुखणं मी जवळून पाहिलंय. पण दोन रोगांची गल्लत होतेय. आफ्रिकन स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा वेगळाच जीवघेणा ताप, निघाला तर एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारतात. साध्या इन्फ्लुएन्झासाठी, म्हणजे फ्लूसाठी, कळप मारत नाहीत. आजारी वेगळी करायची, कोरडी जागा द्यायची, काही आठवडे नवी जनावरं आणायची नाहीत.

आणि नमुन्यासाठी डुकराला पाडून नाकात बोळा घालायची गरज नाही. कापसाची दोरी डुकराच्या खांद्याच्या उंचीवर बांधा. कापसाला आपल्याकडे काय तोटा! चौकस जनावर ते, अर्धा तास चघळतं. मग ओलं टोक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिळायचं, कोपरा कापून लाळ नळीत ओतायची आणि बर्फात ठेवायची. अख्ख्या कप्प्याची एकच पीसीआर, म्हणजे विषाणू शोधणारी चाचणी. पण वेळ चुकली की गेलं. जनावर आठवडाभरच विषाणू टाकतं. आणि जळगावच्या उन्हात बर्फ नसेल तर नमुना पाठवूच नका.

आशाताई, चोपडा तालुका
दादा, डुकरांकडून माणसाला येतं म्हणता, उलटंही होतंच की. 2009 नंतर माणसांकडून डुकरांत फ्लू गेल्याच्या कितीतरी नोंदी आहेत. आमच्याकडे मजूर तापात फणफणत कामाला जातो, कारण रोज बुडतो. त्याला तपासायला कोणी येत नाही. आधी त्याला चार दिवस पगारी सुट्टी द्या, मग दोऱ्या बांधा.

गिरणाकाठ
बरोबर शे ताई. पण आधी आणि मग कशाला? दोन्ही एकदम हवं. मलेशियात 1998-99 मध्ये डुकरं मोठ्यानं खोकत होती, माणसं मेंदूज्वरानं मरत होती. सुरुवातीला सगळ्यांनी जपानी मेंदूज्वर समजून डासांवर जोर दिला. तोवर डुकरं गाड्यांत भरून दुसऱ्या भागात विकली गेली होती. शेवटी निघाला निपाह नावाचा नवाच विषाणू. शंभरच्या वर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. गप्प बसून त्या पालकांचं तरी काय वाचलं?

नवापूरचा पोल्ट्रीवाला
हे मला ठाऊक नव्हतं. तरी माझ्या दोन अटी. रिपोर्ट आधी मालकाच्या हातात, गावाचं नाव बाहेर नाही. आणि विक्री थांबवली तर तेवढ्या दिवसांचं खाद्य सरकारनं द्यायचं. डॉक्टर, हे लेखी मिळेल?

निवृत्त पशुवैद्य, धुळे
मी देऊ शकत नाही. कायद्यात मारलेल्या जनावराची भरपाई आहे, थांबलेल्या विक्रीची नाही. मागणी मात्र रास्त आहे, अर्ज लिहायला मी बसतो.

नवापूरचा पोल्ट्रीवाला
मग आधी अर्ज. तोवर माझ्या कप्प्यात दोरी नाही.