घरातल्या भिंतीवर काय लावलंत, कसं टांगलंत? अनुभव सांगा

ओसरी, ठाणे
चित्र निवडताना आपण बहुतेक जण रंग जुळवण्यावरच थांबतो. सोफा कुठला, पडदे कसले, त्यावर काय शोभेल. मला त्याआधी दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. चित्र कुणाच्या हातचं आहे? आणि ज्या भिंतीवर ते वर्षानुवर्षं राहणार, ती भिंत कशाची आहे? पहिलं माहीत असेल तर चित्राकडे रोज बघणं होतं. दुसरं माहीत असेल तर ते पावसाळे काढतं. तुमच्या घरातल्या एकाच चित्राबद्दल लिहा: कुठून आलं, कुठे लावलं, कसं टांगलं.

सुरुवात मी करते. आमच्याकडे वारली चित्र आहे, डहाणूजवळच्या एका पाड्यावर चित्रकाराच्या घरी जाऊन घेतलेलं. मला लग्नाचा चौक हवा होता, म्हणजे मधोमध पालघट देवी असलेलं चौकोनी चित्र. त्यांच्या घरातल्या आजींनी सांगितलं की चौक लग्नापुरता असतो. सवाष्णी तो गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात आणि त्याच्यापुढे विधी होतात. ते ऐकल्यावर चौक टीव्हीच्या शेजारी लावायला माझं मन होईना. मग भातलावणीचं चित्र घेतलं. वाकलेली माणसं, बांधावरची कोंबडी, ताडावर चढणारा एक जण. जिव्या सोमा म्हसे यांनी सत्तरच्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगापुढे नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे वाचून ठाऊक होतं. पण बांबूच्या काडीने एकेक रेघ ओढताना समोर बसून बघितलं आणि छापील प्रत घेण्याचा विचारच संपला. कापड लाकडी चौकटीवर ताणून घेतलंय, काच लावलेली नाही. मऊ ब्रशने धूळ झटकते, ओलं फडकं लावत नाही.

चौथा मजला, डोंबिवली
भिंतीचा मुद्दा काढलात ते फार बरं झालं ताई. माझं कामच बांधकामाचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विटांची भिंत असेल तर सहा मिलिमीटरचं बिट, प्लास्टिकचा प्लग (इलेक्ट्रिशियन त्याला गिट्टी म्हणतात) आणि स्क्रू, एवढ्यात काम होतं. प्लग गिलाव्यात नाही, विटेत बसायला हवा. गिलावा साधारण अर्धा-पाऊण इंच धरा, भोक त्याच्या पलीकडे निदान दीड इंच न्या. विटांच्या सांध्यात भोक पडलं तर बिट भसकन आत जातं. तसं झालं तर जागा थोडी बदला.

नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा अॅल्युमिनियमचे साचे लावून अख्ख्या भिंती काँक्रीटच्या ओततात, मिवान म्हणतात ती पद्धत. तिथे घरगुती ड्रिल नुसतं घरघरतं. रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत फिरणारं दणकट ड्रिल लागतं, आणि सळई लागली तर जोर न करता बाजूला सरकायचं. याच्या उलट एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत. वजनाला हलकी, आतून सच्छिद्र. तिच्यात खिळा ठोकला तर आज बसतो आणि काही दिवसांनी हलायला लागतो. हॅमर मोड बंद ठेवून भोक पाडायचं आणि ब्लॉकसाठी मिळणारा लांब नायलॉन प्लग वापरायचा.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधीही ड्रिल करू नका. वायरींचे पाइप बहुधा त्याच रेषेत वरखाली गेलेले असतात. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीत नळाचे पाइप असतात, तिथेही आधी नकाशा मागा.

बैठक, कोल्हापूर
मी चित्रकला शिकवतो. माझा अनुभव उंचीचा आहे. बहुतेक घरांत चित्रं फार वर लावलेली असतात. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवतात, कारण बघणारा उभा असतो. घरात आपण बसून बघतो. आमच्याकडे गादी-तक्क्यांची भारतीय बैठक आहे, म्हणून पंचगंगेच्या घाटाचं जलरंगातलं निसर्गचित्र मी मध्य 42 इंचांवर धरून लावलं. पाहुणे पहिल्यांदा खाली लावलंय म्हणतात, मग बसतात आणि बोलता बोलता त्यांची नजर घाटाच्या पायऱ्यांवर जाते.

हुकाची जागा काढायचा हिशेब असा. फ्रेमची उंची 24 इंच, तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते. मध्य 57 वर हवा असेल तर 57 अधिक 12 वजा 3, म्हणजे हुक 66 इंचांवर. एकाऐवजी दोन हुक लावले की फ्रेम तिरकी होत नाही. आणि भोक पाडण्याआधी फ्रेमच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद मास्किंग टेपने चिकटवून चार दिवस राहू द्या. सकाळी उठल्यावर, जेवताना, दिवे लागल्यावर तो कुठे खटकतो ते घरातली माणसं आपणहून सांगतात.

पश्चिमवारा, मालवण
आमचं घर जांभ्या चिऱ्याचं. पावसात भिंतीला ओल येते, चुन्याचे पोपडे सुटतात. अशा घरात कागदावरचं चित्र लावावं की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं, कारण चित्र साधं नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीतून घेतलेली चित्रकथी. ठाकर समाजातले कलाकार चित्रांची पोथी पुढे ठेवून, एकेक चित्र उलटत, गात गात रामायण-महाभारताच्या कथा सांगतात. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. मूळ पोथीतलं पान सुटं करून भिंतीवर लावणं मला पटलं नसतं, कथा मोडते. म्हणून तिथल्याच तरुण कलाकाराकडून मारुतीच्या उड्डाणाचं वेगळं चित्र काढून घेतलं. मोठे टपोरे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, लाल आणि काळा ठसठशीत.

टिकवण्यासाठी जे केलं ते सांगतो. कागद आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट घातली, कारण दमट हवेत कागद काचेला चिकटला तर सोडवताना रंग निघतो. माउंटचा पुठ्ठा आम्लरहित मागून घेतला. साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेने तपकिरी होतो आणि तो डाग चित्रात उतरतो. चित्र माउंटला गोंदाने सगळं चिकटवलेलं नाही, फक्त वरच्या कडेला दोन पातळ कागदी बिजागऱ्या आहेत, म्हणजे दमटपणात कागद फुगला तरी त्याला जागा मिळते. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत. तेवढ्या फटीतून हवा खेळते. बाहेरची, पावसाचा मारा झेलणारी भिंत टाळून माजघराच्या आतल्या भिंतीवर लावलं. तरीही आषाढात एकदा खाली उतरवून पाठ बघतो. कसर लागलेली लवकर दिसली तर चित्र वाचतं.

सुईदोरा, सोलापूर
आमच्या भिंतीवर चित्र नाही, सासूबाईंच्या आईची गोधडी आहे. इरकली लुगड्यांचे तुकडे, मध्ये मुलांच्या झबल्यांचे चौकोन. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्या जाता-येता गोधडीवरून हात फिरवतात आणि हे माझं झबलं, हे धाकट्याचं, असं सांगतात. म्हणून ती त्यांच्या हाताला येईल एवढीच उंच लावली. खिळे मारले नाहीत, जुनं कापड वजनाने फाटतं. पाठीमागे वरच्या कडेला सुती कापडाची नळी हाताने शिवली, तिच्यातून पडद्याचा दांडा घातला. वजन सगळ्या रुंदीवर पसरतं. ऊन थेट पडत नाही अशी भिंत निवडली.

एडिसनकर, न्यू जर्सी
इथल्या भिंती जिप्सम बोर्डच्या, आतून पोकळ. अर्ध्या इंचाच्या बोर्डामागे बहुधा दर 16 इंचांवर लाकडी उभे खांब असतात, जड फ्रेम त्यांतच अडकवायची. खांब शोधायचं यंत्र मिळतं, साधं लोहचुंबकही चालतं, ते बोर्डाच्या स्क्रूवर जाऊन चिकटतं. भाड्याचं घर असताना चिकटपट्ट्यांवर हलक्या फ्रेमा लावायचो. आता स्वतःच्या घरात मुलीने काढलेली रायगडाची रेखाचित्रं एका दोरीवर चिमट्यांनी लावतो. नवीन काढलं की जुनं उतरतं.

पेठकरी, पुणे
आमच्या वाड्यात पूर्वजांच्या तसबिरी छताजवळ, पुढे झुकलेल्या असत. खालून बघणाऱ्याला चेहरा समोर यावा आणि काचेत खिडकी चमकू नये, यासाठी ती रचना. फ्लॅटमध्ये आल्यावरही रवि वर्मा प्रेसची लक्ष्मी मी तशीच झुकवून लावली. हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आमच्या प्रतीवर पणजीने साडीच्या काठाला जर आणि टिकल्या लावल्यात. एका फ्रेमवाल्याने त्या काढून चित्र स्वच्छ करू म्हटलं. मी नको म्हटलं. मला ते चित्र पणजीच्या हातासकटच हवं आहे.

मांडवी, पणजी
आझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्तीच्या रंगवलेल्या चकचकीत बारा फरशा एका पाटावर बसवून घेतल्यात, होडीचं चित्र आहे. घर जुनं, चिऱ्याचं. एवढं वजन तारेवर लटकवायला धीर होत नाही. कुणी सांगाल का?

चौथा मजला, डोंबिवली
तार नकोच. पाट आधी काट्यावर ठेवून वजन बघा, बहुधा पाच-सहा किलोच्या आसपास भरेल. सुताराकडून एक लाकडी पट्टी लांबीत 45 अंशांत चिरून घ्या. तिचा एक भाग भिंतीला, दुसरा पाटाला, एकमेकांत अडकतील असे उलटसुलट. वजन पूर्ण पट्टीवर जातं आणि उतरवायलाही सोपं. भिंतीच्या पट्टीला निदान तीन स्क्रू घाला. जुन्या घरात चुन्याचा गिलावा इंच-दीड इंच जाड असू शकतो, म्हणून लांब प्लग घ्या. ड्रिल करताना आधी पांढरा भुगा येईल. तो लाल यायला लागला की चिऱ्यात पोचलात, तिथून पुढे दोन इंच जा.