‘बनगरवाडी’ एकत्र वाचताना: तुमच्या ठिकाणाचं पान लिहायला बसलात तेव्हा काय झालं?

गेल्या पावसाळ्यात आम्ही नऊ जणांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) पुन्हा वाचली, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेल्या मास्तरची कादंबरी. रविवारी रात्री नऊला फोनवर जमायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुस्तक संपल्यावर प्रत्येकानं आपल्या ठिकाणाबद्दल एक पान लिहायचं ठरलं. अटी दोनच. ‘निसर्गरम्य’, ‘टुमदार’, ‘कुशीत वसलेलं’ हे शब्द बंद. आणि गावात शिरायचं ते चालत, कादंबरीतला तरुण मास्तर शिरतो तसं.

माझं पान सगळ्यात आधी तयार झालं आणि सगळ्यात आधी आपटलं. दापोलीकडचं आजोळ: नारळी-पोफळी, समुद्राची गाज, माजघरातला अंधार. वाचून झाल्यावर आटपाडीच्या दादांनी विचारलं, “ताई, पाणी कुठनं आणत हुता?” बारा उन्हाळे तिथं काढले, रोज दोनदा अंघोळ केली, आणि मला सांगता येईना.

म्हणून हा धागा. पानं नकोत, ती लिहिताना काय झालं ते लिहा.

आटपाडीहून

तो प्रश्न विचारणारा मीच. माडगूळ आमच्याच तालुक्यात, म्हणून वाचायचं काम बऱ्याचदा माझ्याकडं यायचं. बाकीची मंडळी धनगरांचं बोलणं नाटकातल्यासारखं वाचायची, वाक्याच्या शेवटी आवाज चढवून. धनगर माणूस असा बोलत नाही. तो मेंढरांकडं बघत बोलतो, मधीच एक हाळी देतो आणि जिथं सोडलं तिथनंच पुढं सुरू करतो.

लिहायला बसलो तर मी कादंबरीतलाच माणदेश लिहायला लागलो. फुफाटा, बाभळी, दुष्काळ. पोरगं मागून वाचत होतं. म्हणालं, “आण्णा, टेंभू योजनेचं पाणी आलं, दारात डाळिंब लागलं, ते कुठाय ह्यात?” खरंच की. चार पानं फाडली. मग बागेशेजारच्या मोकळ्या रानात उतरलेला वाडा, म्हणजे धनगरांचा मेंढरांसकट मुक्काम, लिहिला. लेंडीखतासाठी आजही मेंढरं बसवतात. किती राती, किती धान्य, किती पैसे, हे बांधावर उभ्याउभ्या ठरतं. मी लिहिली ती एक बाई: काखेत कोकरू, दातात सुतळी, एका हातानं वाघरीची जाळी खुंट्यांना ताणतीय. माझ्याशी बोलायला तिला तोंड मोकळं नव्हतं. पानात संवाद नाही तो त्यामुळं.

बीड जिल्ह्यातून, निवृत्त शिक्षक

मास्तर शाळेत येतो आणि पोरंच नाहीत, हे वाचताना मला हसू आलं नाही. पोरं मेंढरांमागं गेलेली असतात. माझी पोरं आईबापामागं ऊसतोडीला जायची.

आमच्याकडं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव निघतं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. तोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. गावात कुणी कुटुंबं मोजत नाही, कोयते मोजतात. हजेरीपटावर एका दिवसात निम्मी नावं गैरहजर. मी काही वर्षं ती तशीच लिहीत गेलो, नावं कमी केली नाहीत, म्हणून वरून बोलणीही खाल्ली.

कादंबरीच्या शेवटी दुष्काळानं वाडी उठते तो भाग ऐकताना आम्ही सगळे गप्प होतो. नंतर मुंबईच्या एका ताईंनी “किती भयाण” असं म्हटलं. मला तसं वाटेना, कारण रिकामं गाव मला सवयीचं. माझ्या पानात मी तेच लिहिलं: कुलपं लावलेली घरं, आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून उंबऱ्यात आडवी टाकलेली बोरीची फांदी. फांदी वाळली की घरमालक जाऊन किती दिवस झाले याचा अंदाज यायचा. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या दुपारी शाळेच्या ओट्यावर येऊन बसायच्या. पोरांचा आवाज ऐकायला येतो, म्हणायच्या. पोरं होती अकरा.

लालबाग, मुंबई

‘चालत शिरायचं’ या अटीनं माझी पंचाईत केली. चाळीत माणूस शिरत नाही, जिना चढतो. शेवटी जिनाच लिहिला. वडील गिरणीत होते. जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर आईला वेळ कळेनाशी झाली, तेव्हा आमच्या घरात पहिलं भिंतीवरचं घड्याळ आलं. एवढंच लिहिलं. दोन परिच्छेद.

नाशिकहून

मी थोडं विरजण घालते. कादंबरी थोर आहे, मान्य. पण सगळं मास्तरच्या डोळ्यांनी दिसतं. अंजी त्याला चोळी आणायला सांगते, त्यावरून वाडीत कुजबुज होते, वाडीचा कारभारी बिनसतो, आणि आपल्याला कळतं काय? मास्तरची अडचण. अंजीच्या मनात काय चाललंय ते ओझरतं. त्यावरून आमच्यात दोन रविवार वाद झाला. एका काकांचं म्हणणं, त्या काळच्या मास्तरला तेवढंच दिसणार, लेखकानं प्रामाणिकपणे तेवढंच दाखवलं. पटलं, पण समाधान झालं नाही. मी माझ्या गावाचं पान बाजूला ठेवून आजीचं लिहिलं. ती तालुक्याच्या बाजाराला लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा गेली. तिचा नकाशा घर, विहीर, शेत आणि माहेरची वाट एवढाच. मधलं सगळं कोरं.

न्यू जर्सी

आमच्याकडे सकाळचे साडेअकरा, पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. तरवड म्हणजे काय ते आईला फोन करून विचारलं. तिनं पिवळी फुलं सांगितली आणि मग तासभर तिच्या गावची माणसं. पान तिचंच झालं, मी फक्त उतरवून घेतलं.

दिवाडी, गोवा

मी लिहिलं मराठीत, पण माझ्या जागेचे शब्द कोंकणी. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून राखलेली शेती. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर करायची वाट, लाकडी दाराची. भरती आली की खाऱ्या पाण्याच्या दाबानं दार आपसूक मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. हे समजावताना माझं पान पाठ्यपुस्तक होऊन बसलं. आटपाडीकर म्हणाले, “दार मिटताना आवाज कसा येतो?” मग रात्री बॅटरी घेऊन गेलो. आवाज येत नाही. वाहणं थांबतं, आणि आत अडकलेली मासळी पाण्यावर उड्या मारायला लागते तेव्हा कळतं. पानात हे एकच वाक्य ठेवलं, बाकीचं खोडलं.

(आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि कादंबरीत वाडीच्या तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो, त्यावरून आम्ही अर्धा रविवार औंधच्या राजांच्या, पंतप्रतिनिधींच्या, सूर्यनमस्कारांवर घालवला, हेही नोंदवतो. दोघांनी ते सुरू केले. एकानं सोडले. तो मी.)

पुन्हा मी, धागा काढणारी

मावशीला फोन केला. पाणी कुठून यायचं? ती म्हणाली, “अगो, रहाट नव्हता का वाडीत! पायरहाट. तू दुपारी झोपायचीस तेव्हा तुझी आजी त्यावर बसून पायांनी ओढायची. पोफळींना तेच पाणी, तुझ्या न्हाणीलाही तेच.” मला रहाट आठवत नाही. कुरकुर मात्र आठवते. मी ती इतकी वर्षं झोपाळ्याची समजत होते.

पान नव्यानं लिहायला घेतलंय. अजून विहिरीपाशीच आहे, समुद्र आलेला नाही.