मदत हवी आहे: कांगारूची कापडी बाहुली शिवतेय, पिल्लू पिशवीत जातं कसं?

सुईदोरा :
नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. हातात घालून नाचवायच्या कापडी बाहुल्या शिवते आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना त्यांचे छोटे खेळ करून दाखवते. यंदाच्या शिबिराचा विषय आहे 'प्राण्यांच्या आया'. मांजर शिवून झाली. बिबट्याची मादीही झाली. उसात सापडलेली बछडी आणि रात्री येऊन त्यांना तोंडात धरून नेणारी आई, हे निफाड-सिन्नरकडच्या पोरांना सांगावं लागत नाही, तीच आपल्याला सांगतात. तिसरी आहे कांगारू, आणि तिथे घोडं अडलंय.

मेनरोडवरून तपकिरी फरचं कापड आणलं, अंग शिवलं. प्रश्न पिशवीचा आहे. चित्रांच्या पुस्तकांत पिल्लू थेट पिशवीत बसलेलं असतं, चांगलं गुटगुटीत, कान टवकारून. त्याआधी ते कुठे असतं? पिशवीतच जन्मतं की बाहेर जन्मून आत जातं? बाहेर जन्मत असेल तर आत ठेवतं कोण? पिशवीचं तोंड वर ठेवू की खाली? आत फर लावू की साधं कापड? आचळं असतात का, आणि किती? मुलं सहा ते दहा वर्षांची आहेत आणि ती पिशवीत हात घालून बघणारच. जाणकारांनी मदत करा.

चिवडामिसळ :
ताई, एवढा विचार कशाला? पिशवीत एक छोटा कांगारू कोंबा, झालं काम. पोरं खूश.

सुईदोरा :
कोंबला असता दादा, पण गेल्या खेळात एका मुलीने कासवाचं कवच उचकटून 'आत काय आहे' म्हणून विचारलं होतं.

गोदाकाठचा_मी :
पिल्लू बाहेर जन्मतं आणि आई त्याला मांजरीसारखं तोंडात उचलून पिशवीत सोडते. लहानपणी असंच वाचल्याचं आठवतं.

गोठ्यातला_डॉक्टर :
गोदाकाठ, ही समजूत जुनी आहे आणि बऱ्याच ठिकाणी छापूनही आली आहे, पण तसं होत नाही. मी गाई-म्हशींचा डॉक्टर, कांगारू काही माझ्याकडे तपासायला येत नाही. तरी कॉलेजपासून आवडीचा विषय आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तांबडा कांगारू धरून चालू. गाभणकाळ ३३ दिवसांच्या आसपास. शेळी पाच महिने गाभण असते, गाय नऊ महिन्यांच्या वर, आणि ही एवढी मोठी मादी महिन्याभरात मोकळी होते. कारण पोटात ती पिल्लू पुरतं वाढवतच नाही. गाईला असते तशी महिनोन्महिने पोसणारी वार तिला नसते. जन्मतं तेव्हा पिल्लू दोन-अडीच सेंटिमीटरचं, राजम्याच्या दाण्याएवढं. वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान बंद, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय आणि खांदे तेवढे तयार असतात, बोटांना नख्या असतात. हे पुढे कामाला येतं.

जन्माच्या आधी आई पिशवीत तोंड घालून ती चाटून साफ करते. मग बुड टेकून बसते, शेपटी मागच्या दोन पायांमधून पुढे काढून. पिल्लू शेपटीच्या मुळाशी असलेल्या वाटेने बाहेर येतं आणि लगेच आईच्या केसांना धरून वर चढू लागतं. आधी एक हात, मग दुसरा. तीन ते पाच मिनिटांत पिशवीच्या काठापर्यंत पोचतं आणि आत उतरतं. आई त्याला उचलत नाही, ढकलत नाही. ती चाटत असते खरी, पण जन्मावेळचं पाणी आणि रक्त साफ करण्यासाठी. चाटून पिल्लाला वाट आखून देते असंही पूर्वी मानत. त्याला दिसत काहीच नाही, पण नाक मात्र तयार असतं.

पिशवीत चार आचळं असतात. त्यातलं एक ते तोंडात धरतं आणि आचळाचं टोक तोंडातच फुगतं. मग आई कितीही उड्या मारो, पिल्लू सुटत नाही. पुढचे कित्येक आठवडे ते तिथेच घट्ट असतं. गाईच्या पोटात जे घडतं त्यातलं बरंचसं इथे पिशवीत, दुधावर घडतं.

आता शिवणकाम. तोंड वरच ठेवा. काठाशी स्नायू असतो आणि तो आवळता येतो, तिथे इलॅस्टिक घाला. आतल्या बाजूला केस फार विरळ असतात, तेव्हा फर नको. मागे तोंड असलेली पिशवीही निसर्गात आहे, पण ती वोम्बॅटची. तो जमीन उकरणारा प्राणी, पुढे तोंड असतं तर माती पिल्लाच्या अंगावर गेली असती.

सुईदोरा :
डॉक्टरसाहेब, वाचता वाचता अंगावर काटा आला. म्हणजे पाहण्यासारखा प्रसंग चढण्याचाच आहे, पिशवीतलं पिल्लू नंतरचं. आता नवी अडचण. बाहुली दीड फुटाची. पिल्लू प्रमाणात केलं तर तिसऱ्या रांगेपासून कुणाला दिसणार नाही, मोठं केलं तर सगळं खोटं पडेल.

उनाड_वारा :
प्रमाणातच ठेवा. भद्रकालीत मण्यांची दुकानं आहेत, तिथून गुलाबी मणी घ्या. त्याला आतून लोहचुंबकाचा तुकडा चिकटवा आणि बाहुलीच्या पोटात हात घालून दुसरं चुंबक वर सरकवत न्या. पहिल्या रांगेतल्या पोरांना म्हणावं, मागच्यांना तुम्ही सांगा कुठे पोचलं ते. तुमचे अर्धे संवाद वाचले.

चिवडामिसळ :
आणि खरोखर तीन मिनिटं घ्या. पोरं ओरडून ओरडून छत खाली आणतील. (आधीची सूचना मागे. हे जास्त भारी आहे.)

पंचवटीतली_आजी :
मला विचाराल तर जन्म, वाट वगैरे सहा वर्षांच्या पोरांपुढे नको. पिशवीपासून सुरू करा की.

द्राक्षबाग :
आजी, आमच्या वस्तीवर शेळी व्यायला लागली की सगळ्यात आधी पोरंच गोळा होतात. करडू उभं राहिलं की टाळ्या वाजवतात. तुमच्या शहरातल्या पोरांनाही तेवढं झेपेल. शेपटीखालून येतं एवढं म्हटलं की पुरे, पुढे ती सगळी पिल्लाकडेच बघणार.

पंचवटीतली_आजी :
बरं बाई. पण मग पिल्लू पडलं तर काय होतं हेही ती विचारतील, तयारी ठेवा.

गोठ्यातला_डॉक्टर :
आजींचा मुद्दा बरोबर आहे. पडलं तर आई त्याला उचलून ठेवत नाही, ते जगत नाही. मुलांना सांगायचं की नाही हे सुईदोरा ताई ठरवतील. मी असतो तर सांगितलं असतं.

मेलबर्नकर :
धागा उशिरा पाहिला. मूळचा सातपूरचा, सध्या मेलबर्नला. आमच्या बाजूला करडे कांगारू जास्त. त्यांचं वेळापत्रक तांबड्यापेक्षा संथ आहे. गाभणकाळ ३६ दिवस, पिल्लू पिशवी कायमची सोडतं साधारण ११ महिन्यांनी आणि दूध दीड वर्षापर्यंत पितं. तांबड्याचं पिल्लू आठेक महिन्यांत बाहेर पडतं आणि वर्षाचं झालं की दूध सोडतं.

ताई, तुम्ही शिवणकामवाल्या म्हणून सांगतो. इथे गाडीच्या धडकेत मादी मेली तरी पिशवीतलं पिल्लू बरेचदा जिवंत असतं. त्यामुळे रस्त्याच्या कडेला मेलेला कांगारू दिसला की पिशवी तपासा असं सांगतात. पिल्लू आचळाला धरून असेल तर ओढायचं नाही, त्याच्या तोंडाला इजा होते. वन्यजीवांची काळजी घेणारे लोक अशा पिल्लांना कापडी पिशव्यांत वाढवतात. आत सुती अस्तर, बाहेर लोकरीची किंवा जाड कापडाची पिशवी, आणि ती उबदार जागी टांगलेली. आतलं अस्तर रोज बदलतात, त्यामुळे एका पिल्लाला खंडीभर अस्तरं लागतात. गाईचं दूध चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळी दूधपावडर मिळते. २०१९-२०च्या वणव्यांच्या वेळी जगभरच्या बायका-पुरुषांनी अशा पिशव्या शिवून पाठवल्या होत्या.

शिवण्याचा नियम एकच, पण कडक: शिलाईच्या कडा आणि सुटे धागे आत राहता कामा नयेत. पिल्लाच्या नख्या अडकतात.

सुईदोरा :
हे मला हवंच होतं! आमच्याकडेही लहान बाळाची झबली शिवताना शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवतात. खेळ संपल्यावर मोठ्या मुलींकडून एक खरी पिशवी शिवून घेईन म्हणते.

जुनी_पानं :
थोडं अवांतर. हे कोडं युरोपीय लोकांना फार आधीपासून पडलेलं आहे. १६२९ मध्ये 'बटाव्हिया' हे डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर फुटलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तिथल्या वॉलबीचं, म्हणजे कांगारूच्या लहान भाऊबंदांचं, वर्णन लिहून ठेवलं आहे. पिशवीत आचळाला चिकटलेली इवली पिल्लं पाहून त्याने लिहिलं, की ही पिल्लं आचळांतूनच उगवत असावीत. त्याला हसू नका. आचळ तोंडात फुगून घट्ट बसलेलं असतं, तेव्हा पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटावं हे साहजिक आहे.

गोदाकाठचा_मी :
मस्त! ताई, पेल्सार्टची एक टोपीवाली बाहुली करा. तो चुकीचं सांगेल आणि मुलं त्याला दुरुस्त करतील.

सुईदोरा :
घेतली कल्पना. आता शेवटचं. एका फोटोत मोठं पिल्लू बाहेर उभं राहून आईच्या पिशवीत डोकं घालतंय आणि आत म्हणे आणखी एक बारकं आहे. दोघंही तिचीच? आणि दूध एकच?

गोठ्यातला_डॉक्टर :
दोघंही तिचीच, आणि दूध मात्र दोन प्रकारचं. माझ्या मते या प्राण्याची खरी करामत इथे आहे.

बाहेर पडलेलं पिल्लू आपल्या नेहमीच्या आचळावरच पितं, ते आता ताणून लांब झालेलं असतं. त्याला मिळतं घट्ट, भरपूर स्निग्धांशाचं दूध. शेजारच्या आचळावरच्या बारक्याला त्याच वेळी पातळ दूध मिळतं. प्रत्येक आचळाची दुधाची ग्रंथी आपापल्या पिल्लाच्या वयाप्रमाणे चालते. आमच्याकडे एका गाईच्या चार सडांतून चार वेगवेगळ्या फॅटचं दूध निघालं तर डेअरीवाला मलाच बोलवेल.

याहून पुढची गोष्ट. तांबडी कांगारू व्याल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा माजावर येते आणि फळते. पण नवा गर्भ ८० ते १०० पेशींचा झाला की थांबतो, मरत नाही. पिशवीतलं पिल्लू आचळ ओढत असतं, त्यामुळे आईच्या शरीरातल्या संप्रेरकांची जुळणी अशी राहते की गर्भ पुढे सरकत नाही. पिल्लू मोठं होऊन पिणं कमी झालं, किंवा दुष्काळात ते गेलं, की हा अडून राहिलेला गर्भ पुन्हा वाढायला लागतो. थोरलं पिशवी कायमची सोडतं आणि एक-दोन दिवसांत धाकटं जन्मून चढायला लागतं. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी एकाच आईची तीन अपत्यं तीन टप्प्यांवर: एक बाहेर, एक पिशवीत, एक पोटात थांबलेलं. मेलबर्नकरांच्या करड्या कांगारूंत हे क्वचितच घडतं. दुष्काळ फारच लांबला तर तांबडीचं माजावर येणंही थांबतं.

द्राक्षबाग :
पाऊस बघून पेरणी करणारी बाई दिसते. आमच्यापेक्षा हिचा अंदाज चांगला.

रात्रपाळी :
मी नवजात बाळांच्या विभागात सिस्टर आहे. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधून ठेवतो, त्याला 'कांगारू मदर केअर' म्हणतात. सुरुवात कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास झाली, तिथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. बाळाची ऊब टिकते, अंगावरचं दूध लवकर सुरू होतं. बाप, आजी, मावशी कुणीही बांधून घेऊ शकतं. शिबिरातल्या एखाद्या मुलाच्या घरी असं बाळ वाढलेलं असेलही.

सुईदोरा :
सिस्टर, हे सूत्रधाराच्या तोंडी घालते, दोन वाक्यांत. मंडळी, मग ठरलं: मणी, मधलं पिल्लू, थोरलं पिल्लू. चार आचळं, त्यातलं एक लांब. अस्तराला गुलाबी सुती कापड. बाबा कांगारू शिवायचा का?

गोठ्यातला_डॉक्टर :
नराला पिशवी नसते आणि पिल्लं वाढवण्यात त्याचा काडीचाही हात नसतो. कापड वाचवा.

चिवडामिसळ :
ही पोस्ट घरी दाखवणार नाही.

मेलबर्नकर :
वाचलेल्या कापडातून थोरल्याचे पाय आणि शेपटी लांब करा. घाबरलं की ते पिशवीत डोकं आधी घालतं आणि आतल्या आत कोलांटी मारून तोंड वर करतं. तोपर्यंत बाहेर लटकणारे पाय आणि शेपूटच दिसते. मुलांना हे फार आवडेल. शेपटीत तार घाला म्हणजे वाकवता येईल.

सुईदोरा :
तार नको, हात घालताना टोचेल. जाड सुतळी भरते.