दापोलीला कायमचं जावं का? घराचं टोकन द्यायचंय, मतं हवीत

पडवी:
मंडळी, स्पष्ट बोला, गोड नको.
आम्ही दोघं पन्नाशीतले, राहणार सिंहगड रोड. माझं काम लॅपटॉपवरचं, महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. लेक बंगळुरूला. घरात सासूबाई, वय ८१. दापोलीपासून सात-आठ किलोमीटरवर एका वाडीत जांभ्याचं कौलारू घर बघितलंय. मागे विहीर, लागून १८ गुंठे, त्यात चार हापूस आणि अकरा माड. नवरा तर झोपाळा कुठल्या वाशाला टांगायचा तेही ठरवून आलाय.
माझं मत जावं असंच आहे. पुण्यात कुठे निघालं की दीड तास गाडीत जातो आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते माहीत नाही. यापेक्षा वाईट काय असणार?

आगोट:
घर बघायला डिसेंबरात गेला होतात ना? डिसेंबरातलं कोकण कुणालाही आवडतं. जुलैत जा.
आमचं घर त्याच पट्ट्यात आहे. मे संपायच्या आत कौलं चाळून घ्यायची, पडवीला झड्या, म्हणजे झावळ्यांचे आडोसे, बांधायच्या, लाकडं आत घ्यायची, आणि या सगळ्याला माणूस मिळवायचा. ते शेवटचं सगळ्यात कठीण, कारण गावातली तरणी पोरं मुंबईला. जुलैत मिठाच्या बरणीत पाणी, चपलांवर बुरशी. टॉवेल चार दिवस दोरीवर असतो आणि पाचव्या दिवशी ओल्या कुत्र्यासारखा वास मारतो. लाईट गेली की काही तासांत मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही मान टाकते. तुमचं लॅपटॉपवरचं काम तिथेच संपलं.
३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. आमच्या वाडीत लाईट परत यायला महिना लागला. सुपारीची बाग आडवी झाली ती झालीच. नवी लावली तर सहा-सात वर्षं वाट बघायची. आणि अकरा माडांचे नारळ तुम्ही नाही, वानरं खाणार.

लालडबा:
आगोटदादा, इतकं वाईट आहे तर तुम्ही का राहता तिथे? :)
मी नऊ वर्षांपूर्वी ठाणं सोडलं. पहिला पावसाळा रडत काढला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिमं आणि कौलांखाली पत्रा, एवढं केलं आणि निभलं. ठाण्यात वडील गेले तेव्हा लिफ्टमधून खाली नेईपर्यंत मजल्यावरचं एक दार उघडलं नव्हतं. इथे आई पडली तर दहा मिनिटांत सहा माणसं आणि एक रिक्षा दारात.
गावात डॉक्टर नाहीत हेही उगाच. विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाचं औषध चालतं, हे जगाला महाडसारख्या गावात बसून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं.

माजघर:
लालडबा, विंचवाचं मान्य. ८१ वर्षांच्या बाईंना पक्षाघात झाला तर? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही सीटी स्कॅन बघून. ताम्हिणीतून पुणं गाठायला पाच तास, पावसात घाट काय म्हणेल ते वेगळंच. सहा माणसं उचलतील हो, पण नेणार कुठे? पडवीताई, रात्री दोनला स्कॅन कुठे होतं हे टोकन देण्याआधी स्वतः फोन करून विचारा. दापोली, खेड की थेट डेरवणचं हॉस्पिटल.
आणखी एक, जे कुणी बोलत नाही. वाडीत पाऊल टाकलं की आधी आडनाव विचारतात. तुमची वाडी कुठली, पाणी कुठल्या विहिरीचं, हे त्यावर ठरतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे फार जड गेलं.

लालडबा:
हे खरं आहे, नाकारत नाही. पुण्यात भाड्याने घर घेतानाही आडनाव विचारतातच, पण तिथे दार बंद करून बसता येतं. गावात नाही. मला पाच वर्षं सगळे ‘ठाणेकर’च म्हणत. शिमग्याची पालखी आमच्या अंगणात थांबली, त्यानंतर नावाने हाक मारायला लागले.

आठ_अ:
भावना बाजूला ठेवा, कागद बघा. तुमच्यापैकी कुणी शेतकरी आहे का? नसेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, ते १८ गुंठे शेतजमीन असतील तर परवानगीशिवाय खरेदीच होत नाही. घर गावठाणात असेल तर ते ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, सापडेल, ते निराळं. सातबाऱ्यावर नावं किती ते मोजा. कोकणात आठ-दहा सहज असतात. निम्मे मुंबईत, एखादा वारलेला आणि वारसनोंद नाही. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत झोपाळ्याच्या कड्या गंजतील. विहिरीवर वहिवाट कुणाकुणाची तेही लेखी घ्या.

पडवी:
सातबारा काढला. अकरा नावं. माडांइतकीच!
धागा सासूबाईंना वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “माझं माहेर गुहागरकडचं. पहाटे उठून रहाट ओढायचा सुटेल म्हणून मी पुण्यातलं स्थळ पत्करलं. तुम्ही खुशाल जा, मी इथे बाई ठेवून राहते.” आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. नवरा तेव्हापासून गप्प आहे.
टोकन थांबवलंय. जून ते सप्टेंबर भाड्याने राहून बघू म्हणतो, नणंद तेवढे महिने सासूबाईंकडे येईल. गव्हे किंवा जालगावात कुणाच्या माहितीत घर आहे का?

आगोट:
जालगावात एक आहे, व्यनि (खाजगी निरोप) करतो. विहिरीला मोटर आहे, पण लाईट गेली की रहाटच. छत्री नका आणू, इरलं... म्हणजे रेनकोट आणा.